मँचेस्टरमधलं घर सांगितलेल्या किमतीचं आहे का? ते तपासायचं कसं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. नवरा-बायको दोघंही नोकरीला, चार वर्षं सॉल्फर्ड कीजला भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतात. आता बर्नेजमधलं १९३० च्या दशकातलं तीन बेडरूमचं सेमी-डिटॅच्ड (एका बाजूनं शेजारच्या घराला जोडलेलं) घर आवडलंय, मागे वाढवलेलं किचन आहे. एजंट ३ लाख ४० हजार पौंड सांगतो. त्याच रस्त्यावरचं तसंच घर २०२२ मध्ये २ लाख ९५ हजारांना विकलं गेलं. बातम्यांत मँचेस्टरची सरासरी अडीच लाखांच्या आसपास दिसते. मग आपल्याला जास्त सांगतायत का, ही पहिली शंका. पुण्याहून वडील म्हणतात थांबा, भाव उतरतील. मग थांबावं का, ही दुसरी. आणि शेवटी कंसात एक ओळ: 'आम्ही फर्स्ट टाइम बायर आहोत, कोथरूडच्या फ्लॅटवर बाबांबरोबर माझं नाव आहे, पण तो भारतात आहे.'

मी या भागात घरांची पाहणी आणि मूल्यांकन करणारा सर्व्हेयर आहे. बँकांसाठीही करतो आणि घर घेणाऱ्यांसाठीही. तुमची कंसातली ओळ आधी घेतो, कारण एजंटशी घासाघीस करून जेवढे पैसे वाचतील त्याहून जास्त त्या ओळीत अडकलेत.

इंग्लंडमध्ये फर्स्ट टाइम बायर म्हणजे जगात कुठेही, कधीही घराची मालकी नसलेला माणूस. भारतातलं घरही मोजलं जातं, वारसाहक्कानं आलेलं किंवा बक्षीसपत्रानं मिळालेलंही मोजलं जातं. म्हणजे ती सवलत तुम्हाला नाही. इथवर बऱ्याच जणांना माहीत असतं. पुढचं माहीत नसतं: दुसरं घर असताना घर घेतलं तर ऑक्टोबर २०२४ च्या अखेरीपासून नेहमीच्या स्टॅम्प ड्युटीवर पूर्ण किमतीच्या ५ टक्के जादा लागतात, आणि ते दुसरं घरही जगात कुठलंही चालतं. तुमच्या हिश्श्याची बाजारभावानं किंमत ४० हजार पौंड किंवा जास्त असली की तो हिस्सा मोजणीत येतो. कोथरूडच्या आजच्या भावात अर्धा हिस्सा म्हटला तरी तो त्यात बसण्याची शक्यता बरीच आहे.

आकड्यांत बघा. ३ लाख ४० हजारांच्या घरावर खऱ्या फर्स्ट टाइम बायरला २ हजार पौंड लागतात. सवलत नसलेल्या, पण दुसरं घरही नसलेल्या माणसाला ७ हजार. आणि दुसरं घर असणाऱ्याला २४ हजार. ही रक्कम घर ताब्यात आल्यापासून १४ दिवसांत भरायची असते, आणि मॉर्गेजवर, म्हणजे गृहकर्जावर, ढकलता येईल असं सहसा धरू नये. तुमच्या डिपॉझिटच्या पैशातूनच ती जाणार. 'मग फक्त बायकोच्या नावावर घेतो' हा मार्गही चालत नाही. एकत्र राहणाऱ्या नवरा-बायकोपैकी कुणा एकाचं दुसरं घर असलं तरी जादा दर लागतो.

यातून सुटायचे कायदेशीर मार्ग काही परिस्थितींत असतात. घर ताब्यात घेण्याआधी तुमचा हिस्सा वडिलांच्या नावावर खरोखर सोडून दिला, तर जादा ५ टक्के टळू शकतात. फर्स्ट टाइम बायरची सवलत मात्र तरीही परत मिळत नाही. तो फ्लॅट कधी तुमचं राहतं घर होता का, यावरही काही गोष्टी ठरतात. इथला कराचा जाणकार सॉलिसिटर आणि पुण्यातला वकील किंवा सीए, दोघांनाही विचारल्याशिवाय काही करू नका. आणि हिस्सा सोडणं हा फक्त कराचा प्रश्न नाही, घरातल्या माणसांचाही आहे. वडिलांनी तुमचं नाव का घातलं होतं, भावंडं आहेत का, हे तुम्हालाच ठाऊक. पण ऑफर देण्याआधी हे बोलून घ्या. मी अशी जोडपी पाहिली आहेत ज्यांना हे सगळं झाल्यावर, कराराच्या आठवड्यात, सॉलिसिटरच्या फॉर्मवरच्या एका प्रश्नामुळे कळलं. तेव्हा हातात वेळही नसतो आणि पैसेही.

आता किमतीकडे.

आपल्याकडे घर बघायला गेलं की पहिला प्रश्न असतो, स्क्वेअर फुटाचा रेट काय? शिवाय सरकारचा रेडी रेकनर असतो, म्हणजे भावाला खालून एक टेकू असतो. इंग्लंडमध्ये असा रेडी रेकनर नाही. कौन्सिल टॅक्सचा, म्हणजे इथल्या पालिकेच्या घरपट्टीचा, बँड बघून काही जण घराची किंमत ताडतात, पण इंग्लंडमधले ते बँड अजूनही १ एप्रिल १९९१ च्या किमतींवर बेतलेले आहेत. त्यावरून शेजारची दोन घरं तेव्हा एका तोलाची होती का, एवढंच कळतं. आणि एजंटच्या जाहिरातीत ठळक अक्षरांत असते ती बेडरूमची संख्या. तीन बेडरूमचं घर ७० चौरस मीटरचंही असतं आणि ११० चंही, त्यामुळे बेडरूम मोजून केलेली तुलना पहिल्याच पायरीवर घसरते.

शहराच्या सरासरीचं तसंच. 'मँचेस्टर' म्हणून जो आकडा छापून येतो तो बहुतेक वेळा मँचेस्टर सिटी कौन्सिलच्या हद्दीचा असतो. तुम्ही आज राहता ते सॉल्फर्ड कीज त्या हद्दीत नाही, सेल आणि ऑल्ट्रिंकहॅम ट्रॅफर्डमध्ये येतात. ग्रेटर मँचेस्टरमध्ये अशा दहा हद्दी आहेत. आणि मँचेस्टर कौन्सिलच्या हद्दीत शहराच्या मध्यावरचे फ्लॅट भरपूर आहेत. ॲन्कोट्समधला एक बेडरूमचा फ्लॅट, माइल्स प्लॅटिंगमधलं ओळीत जोडलेलं छोटं टेरेस्ड घर आणि डिड्सबरीतला व्हिक्टोरियन वाडा या सगळ्यांची मिळून एक सरासरी काढली, तर ती यांच्यापैकी एकाचीही किंमत नसते. बर्नेजच्या तीन बेडरूमच्या सेमीला ती लावून 'आपल्याला ९० हजार जास्त सांगतायत' असा निष्कर्ष काढू नका.

मग लावायचं काय? त्याच रस्त्यावरचं घर. इथे तुम्ही योग्य जागीच बोट ठेवलंय, फक्त काम अर्ध्यावर सोडलंय. मी बँकेसाठी मूल्यांकन करतो तेव्हा जे करतो, त्यातलं बरंचसं तुम्ही घरी बसून फुकट करू शकता.

इंग्लंड आणि वेल्समध्ये विकलेल्या घरांची प्रत्यक्ष किंमत लँड रजिस्ट्री जाहीर करते, जानेवारी १९९५ पासूनची. पत्ता, तारीख, किंमत, घराचा प्रकार, फ्रीहोल्ड (जमिनीसकट मालकीचं) की लीजहोल्ड (ठरावीक वर्षांच्या भाडेपट्ट्यावरचं), सगळं त्यात असतं. व्यवहार झाल्यावर नोंद दिसायला काही आठवडे, कधी काही महिने लागतात, म्हणून शेवटच्या तिमाहीचं चित्र नेहमी अपुरं असतं. तुमच्या घरापासून पाच-सात मिनिटं चालत जाता येईल एवढ्या परिसरातली, त्याच काळात बांधलेली सेमी घरं गेल्या दोन वर्षांत कितीला गेली, ती सगळी एका कागदावर उतरवा. पाच-सहा तरी हवीत. एकाच घरावर भरवसा ठेवला तर ते घर घटस्फोटामुळे घाईत विकलेलं असू शकतं, किंवा भावानं भावाला दिलेलं.

मग दुसरी पायरी, आणि हीच बहुतेक लोक गाळतात. विकलेल्या बहुतेक घरांचं एनर्जी पर्फॉर्मन्स सर्टिफिकेट (ईपीसी), म्हणजे ऊर्जेच्या वापराचा दाखला, सरकारी वेबसाइटवर कुणालाही बघता येतं. लोक त्यावर फक्त ए ते जी हा दर्जा बघतात. पण त्यात घराचं एकूण क्षेत्रफळही चौरस मीटरमध्ये दिलेलं असतं. लँड रजिस्ट्रीची किंमत भागिले ईपीसीचं क्षेत्रफळ केलं की तुमचा आवडता रेट हातात आला.

समजा २०२२ मध्ये विकलेल्या घराचं क्षेत्रफळ ७८ चौरस मीटर निघालं. २ लाख ९५ हजारांच्या हिशेबानं साधारण ३,७८० पौंड चौरस मीटरला झाले. आणि तुमच्या घराचं, मागच्या वाढीव किचनसकट, ९४ निघालं. ३ लाख ४० हजारांच्या हिशेबानं साधारण ३,६२०. म्हणजे जे घर ४५ हजारांनी महाग वाटत होतं ते क्षेत्रफळाच्या मापानं उलट स्वस्त. हे आकडे मी उदाहरणासाठी धरलेत; खरे तुम्ही काढा. ईपीसीची तारीखही बघा. वाढीव बांधकामाच्या आधीचं सर्टिफिकेट असेल तर त्यात जुनंच क्षेत्रफळ असतं.

पण इथेच थांबायचं नाही. २०२२ ची किंमत आजच्या पातळीवर आणायला हवी. त्यासाठी सरकारी हाउस प्राइस इंडेक्स असतो, दर महिन्याला येतो, आणि त्यात कौन्सिलनुसार सेमी, टेरेस्ड, फ्लॅट असे वेगळे आकडे असतात. मँचेस्टर, सेमी-डिटॅच्ड, त्या व्यवहाराचा महिना आणि आजचा महिना, एवढंच घ्या. ताजे आकडे नंतर दुरुस्त होतात म्हणून एका महिन्याच्या चढउतारावर जाऊ नका. समजा फरक ५ टक्के निघाला, तर ते ७८ मीटरचं घर आज साधारण ३ लाख १० हजारांचं.

आता तुमचं घर १६ मीटरनं मोठं आहे. ते १६ मीटर पूर्ण भावानं धरायचे का? मी तसं धरत नाही. घराची मूळ किंमत जमीन, रस्ता, तीन बेडरूम, बाग या सगळ्यांत असते. मागचं किचन मोठं झालं म्हणून चौथी बेडरूम येत नाही. चांगल्या बांधलेल्या एकमजली वाढीला मी मूळ दराच्या निम्मा ते दोन-तृतीयांश धरतो, बांधकाम बघून. या उदाहरणात ती भर ३२ ते ४२ हजारांची होते. ३ लाख १० हजारांत मिळवली की ३ लाख ४२ ते ३ लाख ५२ हजार. म्हणजे एजंटचा आकडा अवाजवी नाही, उलट थोडा खालीच. मात्र हे कधी? ती वाढ नीट बांधलेली आणि कागदोपत्री पक्की असेल तेव्हा.

या कागदाबद्दल जरा थांबून सांगतो, कारण बर्नेज, लेव्हनशूम, विदिंग्टन या भागांत मला हा घोळ सारखा दिसतो. मागची एकमजली वाढ ठरावीक मापापर्यंत प्लॅनिंग परमिशनशिवाय करता येते, हे खरं. म्हणून विकणारे सांगतात, 'परवानगीची गरजच नव्हती.' पण बिल्डिंग रेग्युलेशन्सची मंजुरी वेगळी, आणि ती लागतेच. पाया किती खोल, मागची भिंत पाडली तिथे बीम कुठला, छताला इन्सुलेशन आहे का, हे तपासून काम पूर्ण झाल्याचं सर्टिफिकेट मिळतं. ते मागा. नसेल तर विक्रेत्याचा सॉलिसिटर इंडेम्निटी इन्शुरन्स पुढे करेल, शंभर-दोनशे पौंडांत मिळतो. तो विमा कौन्सिलनं कारवाई केली तर उपयोगी. बीम वाकला तर त्याचा काही उपयोग नाही. सर्टिफिकेट नसेल आणि बीम उघडून दाखवायची तयारी नसेल, तर मी त्या वाढीची किंमत जवळजवळ सोडून देतो. मग हेच घर ३ लाख १५-२० हजारांच्या घरात येतं. ३ लाख ४० हजार योग्य की अयोग्य, या तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्या एका कागदावर बऱ्यापैकी टेकलेलं आहे.

घराची अवस्था फोटोत दिसत नाही. बर्नेजची १९३० च्या दशकातली सेमी घरं एकूणात भक्कम. पोकळी असलेल्या दुहेरी विटांच्या भिंती, पुढे दुमजली गोलसर बे विंडो, म्हणजे भिंतीबाहेर आलेली खिडकी. पण त्या बे विंडोकडे रस्त्यावर उभं राहून नीट बघा. मूळच्या लाकडी चौकटी वरच्या भागाचं वजन पेलत होत्या. पुढे कुणीतरी स्वस्तात प्लॅस्टिकच्या खिडक्या बसवल्या आणि आत आधाराचे खांब घातलेच नाहीत. वरचा भाग वर्षानुवर्षं मिलिमीटर-मिलिमीटर खाली बसतो. रस्त्यावरून बघितलं तर खालच्या खिडकीची वरची कड मध्ये किंचित झुकलेली दिसते. वरच्या बेडरूममध्ये जाऊन बे आणि मुख्य खोली जिथे मिळतात तिथे छताकडे मान वर करा, रंगाखाली भरलेली एक भेग आडवी धावत असते. खिडकी उघडताना चौकटीला घासते. विकणारे सांगतात, जुनं घर आहे, थोडं हलणारच. मी तिथे लेव्हल लावतो आणि अहवालात लिहितो. एप्रिल २००२ नंतर बसवलेल्या खिडक्यांचं फेन्सा (खिडक्या बसवणाऱ्यांच्या नोंदणी योजनेचं) सर्टिफिकेट किंवा कौन्सिलची मंजुरी असायला हवी, तेही मागा.

दुसरी जागा म्हणजे माळा. खालच्या खोलीत जागा व्हावी म्हणून चिमणीचा भिंतीतला फुगवटा काढून टाकलेला असतो, आणि छपरावर धुराडं तसंच उभं. मग मधल्या विटा कशावर उभ्या आहेत? शिडी लावून माळ्यात टॉर्च मारला की कळतं. कधी व्यवस्थित स्टीलचा बीम असतो, कधी भिंतीला बोल्ट केलेले दोन लोखंडी ब्रॅकेट, आणि कधी नुसत्या दोन लाकडी फळ्या. शेवटच्या प्रकारात इंजिनिअर, बीम, मंजुरी असं सगळं काम निघतं आणि किंमत त्या मानानं उतरते. माळ्यात छपराच्या आतून फवारलेला फोम दिसला तर आणखी सावध व्हा. त्यामुळे लाकूड कुजतंय का ते दिसत नाही, आणि अनेक बँका अशा घरावर कर्ज द्यायला तयार नसतात. तुम्हाला कर्ज मिळालं तरी उद्या तुमच्याकडून घेणाऱ्याला मिळेल का, हा प्रश्न राहतो.

म्हणून स्वतःचा सर्व्हे करा. बँकेचं व्हॅल्युएशन म्हणजे सर्व्हे नाही. ते बँकेचं कर्ज सुरक्षित आहे का एवढ्यासाठी असतं, आणि पुष्कळदा माणूस घरात पाऊलही ठेवत नाही, संगणकावरच काम होतं. फारसे बदल न केलेल्या सेमीला रिक्सचा (सर्व्हेयरांच्या व्यावसायिक संस्थेचा) लेव्हल २ सर्व्हे पुरतो. मागे वाढवलंय, भिंती काढल्यात, तर मी जास्त सखोल असा लेव्हल ३ सुचवेन. काही शे पौंड जास्त जातात, पण वर सांगितलेलं सगळं त्यात येतं. बँकेच्या व्हॅल्युएशनचा आकडा ठरलेल्या किमतीपेक्षा खाली आला तर घाबरू नका. तो घेऊन एजंटकडे जा. विक्रेत्यालाही कळतं की पुढच्या गिऱ्हाइकाच्या बँकेकडूनही असाच आकडा येऊ शकतो.

इथे लीजहोल्डबद्दल दोन शब्द, कारण मँचेस्टर भागात आपली माणसं याला हमखास दचकतात. घर आहे, फ्लॅट नाही, तरी कागदावर लीजहोल्ड! या पट्ट्यात १९३० च्या दशकातली कितीतरी घरं ९९९ वर्षांच्या लीजवर आहेत, वर्षाचं ग्राउंड रेंट, म्हणजे जमिनीचं भाडं, काही पौंड. ते सहसा निरुपद्रवी असतं. काही फ्रीहोल्ड घरांवर 'चीफ रेंट' नावाची जुनी छोटी वार्षिक रक्कम असते. १९७७ च्या कायद्यानुसार असे बहुतेक बोजे २०३७ मध्ये संपतील. दोन्हीसाठी सॉलिसिटरला अटी वाचायला सांगा, विशेषतः वाढीव बांधकामाला जमीनमालकाची संमती लागत होती का. पण त्यासाठी घर सोडू नका. दर काही वर्षांनी दुप्पट होणारं ग्राउंड रेंट असलेली, या शतकात बांधलेली लीजहोल्ड घरं हा मात्र वेगळा आणि खरोखर त्रासाचा प्रकार. जून २०२२ नंतरच्या बहुतेक नव्या लीजवर ग्राउंड रेंट घेता येत नाही, आधीच्यांवर मात्र राहतं.

'मग कीजलाच फ्लॅट घ्यावा का, स्वस्त पडतो' असं तुमच्या मनात येईल. हे प्रत्येकाच्या गरजेवर आहे, पण फ्लॅटच्या किमतीत सर्व्हिस चार्जचा, म्हणजे इमारतीच्या देखभाल खर्चाचा, हिशेब धरल्याशिवाय तुलना करू नका. लंडनमधल्या ग्रेनफेल टॉवरच्या २०१७ च्या आगीनंतर उंच इमारतींच्या बाहेरच्या आवरणाची तपासणी सुरू झाली आणि मँचेस्टर-सॉल्फर्डमधल्या अनेक इमारतींत लोक वर्षानुवर्षं विकू शकले नाहीत. २०२२ च्या बिल्डिंग सेफ्टी ॲक्टनं बऱ्याच मालकांना संरक्षण दिलं, पण इमारतीनुसार स्थिती वेगळी. फ्लॅट बघायचाच असेल तर ईडब्ल्यूएस१ फॉर्म (बाहेरच्या भिंतींच्या आगीपासूनच्या सुरक्षेचा), गेल्या तीन वर्षांचा सर्व्हिस चार्ज आणि लीजची उरलेली वर्षं, हे तीन कागद पहिल्या भेटीनंतर लगेच मागा.

परिसराबद्दल थोडक्यात. तुमच्या प्रश्नात मुलांचा उल्लेख नाही. मुलं असतील किंवा होणार असतील तर गणित बदलतं. मँचेस्टर कौन्सिलमध्ये सरकारी ग्रामर स्कूल (परीक्षा घेऊन प्रवेश देणारी शाळा) नाही, ट्रॅफर्डमध्ये आहेत, आणि त्यामुळे टिंपर्ली किंवा सेलमधल्या तशाच सेमीला बर्नेजपेक्षा पुष्कळ जास्त मोजावे लागतात. पण ते पैसे दिले म्हणून प्रवेश मिळत नाही, मुलानं अकराव्या वर्षीची परीक्षा पास व्हावी लागते. मी पालकांना सांगतो, आधी जवळची नेहमीची शाळा कशी आहे आणि गेल्या काही वर्षांत ती किती अंतरापर्यंतच्या मुलांना मिळाली ते बघा. कौन्सिल हे आकडे देतं. ट्रामचंही तसंच. २०११ मध्ये चोर्लटनला आणि २०१३ मध्ये ईस्ट डिड्सबरीला मेट्रोलिंक पोचली, तिथल्या किमतीत ती केव्हाच मिसळून गेली. बर्नेजला ट्राम नाही, पण मॉल्डेथ रोड आणि बर्नेज ही स्टेशनं आहेत, शहरातलं मुख्य स्टेशन पिकॅडिली आणि विमानतळ दोन्हीकडे गाडी जाते. तुम्ही कीजला कामाला असाल तर पिकॅडिलीला उतरून ट्राम, असा रोजचा प्रवास एकदा सकाळच्या गर्दीत करून बघा. आणि घर किंग्जवेच्या किती जवळ आहे ते बघा. त्या रस्त्याला लागून असलेलं आणि दोन गल्ल्या आत असलेलं, ही दोन घरं एका भावाची नसतात.

पूर, खाणी वगैरे गोष्टी जागेनुसार. जानेवारी २०२१ मध्ये मर्सी नदी फुगली तेव्हा डिड्सबरी आणि नॉर्देंडनमधल्या लोकांना रातोरात घरं सोडायला सांगितलं होतं. पूर्व मँचेस्टरखाली कोळशाच्या जुन्या खाणी आहेत. एतिहाद स्टेडियम जिथे आहे तिथे ब्रॅडफर्ड कोलियरी होती, १९६८ मध्ये बंद झाली. पत्ता टाकला की सरकारी वेबसाइट पुराचा धोका दाखवते, खाणींचा शोध सॉलिसिटर घेतो.

आता वडिलांचा सल्ला, थांबायचा. त्यांची काळजी मी समजू शकतो. भाव पडतच नाहीत असं कुणी सांगितलं तर ते खोटं आहे. १९८९ नंतर आणि २००७-०८ नंतर ते खरोखर पडले, आणि दुसऱ्या वेळी गुंतवणूक म्हणून घेतलेल्या शहराच्या मध्यावरच्या फ्लॅटांना कुटुंबं राहतात अशा सेमींपेक्षा जास्त मार बसला. पण अलीकडचा काळही बघा. बँक ऑफ इंग्लंडचा दर डिसेंबर २०२१ च्या सुरुवातीला ०.१ टक्के होता, ऑगस्ट २०२३ ला ५.२५ झाला. एवढा झटका बसूनही इकडच्या सेमींचे भाव कोसळले नाहीत, व्यवहार मंदावले. कारण नोकरी टिकून असेल आणि हप्ता भरता येत असेल तर माणूस राहतं घर पडत्या भावात विकत नाही, तो विक्रीचा बोर्ड काढून घेतो. त्यामुळे थांबणाऱ्याला स्वस्त घरं मिळण्याऐवजी कमी घरं बघायला मिळाली, आणि तोवर भाडं चालूच.

म्हणून मी भाव कुठे जाईल यापेक्षा तुम्ही किती राहणार ते विचारतो. स्टॅम्प ड्युटी, सॉलिसिटर, सर्व्हे, आणि विकताना एजंटची दलाली धरली तर दोन-तीन वर्षांत घर विकणं बहुतेक वेळा अंगावर येतं. पाच वर्षं किंवा जास्त राहायचं पक्कं असेल, दोघांपैकी एकाचा पगार काही महिने थांबला तरी हप्ता निभेल, आणि कर्जाचा दर पुन्हा ठरवायची वेळ येईल तेव्हा दोन टक्के जास्त व्याज झालं तरी झोप उडणार नाही, तर भावाच्या छोट्या चढउतारासाठी थांबू नका. व्हिसा अजून स्किल्ड वर्करचा असेल आणि आयएलआर, म्हणजे इथे कायम राहायची परवानगी, व्हायचं असेल, तर काही बँका जास्त डिपॉझिट मागतात. ते आधी मॉर्गेज ब्रोकरकडून तपासून घ्या. पुण्याला परत जायचा विचार दोन वर्षांत असेल, तर माझं उत्तर सरळ आहे: भाड्यानं राहा.

समजा घ्यायचं ठरलं. एजंटला विचारा, घर किती आठवडे बाजारात आहे, आधीची ऑफर मोडली का आणि का मोडली, विक्रेत्याला पुढे घर घ्यायचंय का. मोडलेली ऑफर सर्व्हेमुळे मोडली असेल तर ती माहिती सोन्यासारखी. एजंटला ठाऊक असलेला गंभीर दोष लपवता येत नाही, म्हणून थेट विचारा. तुमच्यामागे विकायचं घर नाही, हा तुमचा जोर आहे. त्याची किंमत विक्रेत्याला कळते, ती स्पष्ट सांगा. बँकेचं तत्त्वतः मंजुरीचं पत्र जोडा. वरच्या उदाहरणासारखेच आकडे निघाले तर मी ३ लाख २५ हजारांपासून सुरू करीन, सोबत तुमच्या कागदावरची पाच-सहा घरं आणि त्यांचे दर देईन, आणि वाढीच्या सर्टिफिकेटची प्रत मागीन. सर्टिफिकेट आलं तर ३ लाख ३५-४० पर्यंत जायला हरकत नाही. आलं नाही तर जाऊ नका.

ऑफर मान्य झाली तरी इंग्लंडमध्ये कॉन्ट्रॅक्ट एक्स्चेंज, म्हणजे सह्या केलेल्या करारांची अदलाबदल, होईपर्यंत कुणीही बांधील नसतं, तुम्हीही नाही आणि तेही नाही. तेवढ्या आठवड्यांत दुसऱ्या कुणी जास्त दिले तर विक्रेता फिरू शकतो. म्हणून मान्य झाल्या दिवशीच जाहिरात काढून घ्यायला सांगा, आणि सर्व्हे त्याच आठवड्यात लावा. सॉलिसिटरला पहिल्या फोनवर कोथरूडच्या फ्लॅटबद्दल सांगा, फॉर्म येईपर्यंत थांबू नका. लँड रजिस्ट्रीतून काढलेली यादी आणि क्षेत्रफळं इथे लिहिलीत, घराचा नंबर न देता, तर त्यातली कुठली घरं तुलनेला धरायची आणि कुठली सोडायची ते मी बघून सांगेन.